थंडीचा पाट

मोहफळीत थंडीची पाळी लावायला लागले, त्याला हे तिसरं वर्ष.

पाण्याची पाळी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. थंडीची पाळी फक्त मोहफळीत. बाहेरगावचा पाहुणा हे ऐकून आधी हसायचा, मग कुणीतरी त्याला खाटेवर बसवून, चहा पाजून सगळं पहिल्यापासून सांगायचं आणि चहा संपेपर्यंत त्याचं हसू गेलेलं असायचं. तेव्हा आपणही पहिल्यापासूनच सुरुवात करू.

साक्रीच्या डोंगरांत मोहफळीचं खोरं आहे. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला खिंड. जमीन पाच फडांत वाटलेली. फड म्हणजे एका पाटावर भिजणारा शेतांचा पट्टा. बंधाऱ्याजवळचा तो हेडचा फड आणि खिंडीजवळचा, सगळ्यात खालचा, तो टेलचा. टेलला बेडशांची शेतं. काशिनाथ बेडसे, म्हणजे मोनाली ऊर्फ मोना आणि निंबा या भावंडांचे वडील, आबा, हे टेलचे शेतकरीही आणि साऱ्या गावाचे पाटकरीही. पाटाचं पाणी कुणाला कधी सोडायचं, ते बघणारा तो पाटकरी.

आबांच्या तरुणपणी पाणी हेडपासून सुटायचं. वरचे पोटभर घ्यायचे आणि टेलला ओल पोचेपर्यंत बंधारा रिकामा. आबा त्यापायी भांडले, ग्रामसभेसमोर उपाशी बसले, भावकीचा अबोला सोसला आणि शेवटी गावाकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. एक, प्रत्येक आवर्तन, म्हणजे पाण्याची प्रत्येक फेरी, टेलपासून सुरू होईल. दुसरी, टेलचा माणूस आपल्या बांधावर उभा राहून ‘आलं’ म्हणेपर्यंत पाणी वरच्या फडाला वळवायचं नाही. टेलने ‘आलं’ म्हणायचं, मग त्याच्या वरच्याने घ्यायचं आणि ‘आलं’ म्हणायचं, असं करत पाळी हेडपर्यंत चढायची. त्या शब्दाची खातरजमा करायला कुणी जायचं नाही. पोट भरूनही ‘आलं’ न म्हणणारे कधीमधी निघाले, त्यांना गावाने सरळ केलं. पण पाणी न येताच ‘आलं’ म्हणणारा वेडा अजून जन्माला यायचा होता.

आबा गेले तेव्हा हेडवाल्यांनीसुद्धा खांदा दिला.

आता थोडं थंडीबद्दल. आकाश निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला की जमीन दिवसभराची ऊब वर आकाशाला देऊन टाकते. तिला लागून असलेली हवा गार होते, गार झाली की जड होते आणि जड झाली की उताराने खाली वाहायला लागते. अगदी पाण्यासारखी, पण गोगलगायीच्या चालीने आणि आवाज न करता. खोलगट भागात ती साचते. पूर्वी मोहफळीची थंडी खिंडीतून बाहेर निघून जायची. मग खिंडीच्या तोंडावर महामार्गाचा उंच भराव पडला आणि खोऱ्याचं झालं घंगाळं. साचलेली थंडी पहाटे इतकी उतरायची की पानावरचं दहिवर गोठून मिठासारखं पांढरं दिसायचं. कळीच्या आतलं पाणी गोठलं की कळी फुटते आणि ऊन लागलं की काळी पडते.

एवढंच असतं तर फुलं आधी लावून दिवाळीला काढता आली असती. आबा तसंच करायचे, मृगात लावायचे. पण पावसाने आपलं वेळापत्रक बदललं होतं. तो दिवाळीपर्यंत हटेना. मृगातली शेवंती ऐन फुलात सडायची, आणि उशिरा लावावी तर कळी थंडीच्या तोंडात. फूलवाल्यांनी जायचं कुठे?

त्यावर शास्त्रज्ञांनी उपाय काढला तो असा. साऱ्या खोऱ्यात तापमान मोजणारे खांब रोवले. बांधांवर गुंडाळता येणारे उंच कापडी पडदे लावले, मोक्याच्या जागी मोठे पंखे बसवले आणि सगळ्याचा ताबा एका संगणकाकडे दिला. आज थंडी किती उतरेल आणि कुठल्या ओघळीने येईल, हे तो दुपारीच सांगायचा. पडदे हलवून ती हव्या त्या फडात नेऊन सोडता यायची. लोकांनी त्याला नाव दिलं थंडीचा पाट.

एक गोष्ट मात्र त्याला जमत नव्हती आणि शास्त्रज्ञांनी ती लपवलीही नव्हती. थंडी वळवता येते, नाहीशी करता येत नाही. ती कुणाच्या तरी शेतात उभी राहणारच. सगळीकडे सारखी पसरावी तर पाचही फडांतल्या पाकळ्यांची कड करपते आणि अशा फुलाला बाजारात कुत्रं विचारत नाही. म्हणून रोज एकाच फडाने ती घ्यायची. एका लाटेत प्रत्येकाच्या वाट्याला एक रात्र. ज्याची पाळी आधी, त्याची लावणी उशिरा, म्हणजे थंडी येईल तेव्हा त्याच्या झाडाला नुसती पानं असतील. शेवंतीचं नुसतं पान एखादी रात्र सोसतं, कळी सोसत नाही. लावणीची तारीखसुद्धा संगणकच शेताशेताला काढून द्यायचा.

पाळी कुठून सुरू करायची, असा प्रश्न निघाला तेव्हा सभेत क्षणभरही चर्चा झाली नाही. टेलपासून, सगळे एका सुरात म्हणाले. आबांचा नियम आहे. ‘आलं’ म्हटल्यावर पुढे. टाळ्या पडल्या. निंबाचे डोळे भरून आले. आणि थंडीचा पाट सांभाळायला कोण, तर शेतकी कॉलेजात शिकलेली आबांची मोना. तिनेच हा नियम आपल्या हाताने संगणकात बसवला आणि त्या दिवशी तिला आबा जवळ उभे असल्यासारखं वाटलं.

चूक कुणाच्याच लक्षात आली नाही, कारण ती चूक वाटावी अशी नव्हतीच. पाण्याचं आवर्तन लांबतं, पाळी निदान मधल्या फडांपर्यंत तरी जाते. थंडीच्या लाटा पूर्वी आठवडाभर टिकायच्या, पण आता त्या एका रात्रीपुरत्या यायला लागल्या होत्या. आली, बोचली, गेली. मध्ये ढगाळ, उबदार दिवस. पुन्हा नवी लाट. नवी लाट म्हणजे नवं आवर्तन आणि नवं आवर्तन म्हणजे पुन्हा टेल. पहिली लाट निंबाच्या पानांवर पडायची, ती तो सोसायचा. दुसरीपर्यंत त्याच्या झाडांना कळी आलेली असायची.

दोन हिवाळे निंबाने काळी फुलं उपटली. वरचे चार फड बहरले.

दुसऱ्या वर्षानंतर मोनाने सभेत विषय काढला. “लाट तुटली तरी पाळी जिथे थांबली तिथूनच पुढे न्या. पुन्हा टेलपासून नको.”

फूल संघाचे अध्यक्ष दौलतअप्पा भामरे हेडचे. वाईट माणूस नव्हे. आबांच्या तेराव्याला त्यांनीच सगळं बघितलं होतं. ते म्हणाले, “मोना, तुझं खरं आहे गं. पण मग पाण्यालाही तेच लावू. उन्हाळ्यात बंधारा आटतो, आवर्तन मध्येच तुटतं. पुढचं पाणी आलं की पुन्हा टेलपासून कशाला? जिथे थांबलं तिथून वर जाऊ दे. नियम एक तर एकच.”

उन्हाळ्यात आवर्तन दर वेळी तुटायचं आणि दर वेळी पुन्हा टेलपासून सुरू व्हायचं, त्यावरच तर टेल जिवंत होता. निंबा उठला. “राहू द्या अप्पा. आबांचा नियम आम्हीच मोडला, असं नको व्हायला.”

मोना घरी येऊन रडली. रागाने जास्त.

आणि आता तिसरा हिवाळा. निंबाकडे शेवंतीचा एकच वाफा उरला होता, विहिरीजवळचा. आबांची दुधी शेवंती. फूल लहान, पण असा वास दुसऱ्या शेवंतीला नाही. ती बियाण्यावर येत नाही. हिवाळ्यातलं झाड उन्हाळाभर पाण्यावर जगवायचं, त्याचे फुटवे काढायचे आणि तेच पुढच्या वर्षी लावायचे. हा वाफा गेला की आबांची शेवंती संपली. साऱ्या खोऱ्यात ती आणखी कुणाकडेच नव्हती.

पहिली लाट येऊन गेली होती. झाडांना टपोऱ्या कळ्या लागल्या होत्या. आणि आज दुपारी संगणकाने नवी लाट दाखवली, यंदाची सगळ्यात कडक.

मोना चौकी सोडून तडक टेलला आली. चौकी म्हणजे बंधाऱ्यावरची आबांची पाटकऱ्याची खोली, आता तिथे पडदे हलवायचं यंत्र होतं. निंबा वाफ्यातलं गवत काढत होता. त्याची बायको, शोभनावहिनी, विहिरीच्या कठड्यावर बसून त्याच्याकडे बघत होती.

“आज कुणाची?” निंबाने मान वर न करता विचारलं.

“तुझी. नवी लाट आहे.”

“बरं.”

“बरं काय, भाऊ? ही कळी वाचणार नाही. झाडही वाचायचं नाही.”

“पडदे सगळे उघडे ठेवले तर?”

“उताराने तुझ्याकडेच येईल. उघडे ठेवले तरी तू, मिटले तरी तू.”

निंबा हसला. त्याला असं हसताना बघून मोना त्याच्याजवळ उकिडवी बसली. येताना वाटेत तिच्या मनात जे आलं होतं, ते तिने आता बोलून टाकलं.

“तू ‘आलं’ म्हण.”

“म्हणेन की. सकाळी. आल्यावर.”

“सकाळी नाही. संध्याकाळी, मी पुकारते तेव्हाच. तू ‘आलं’ म्हटलंस की मला पडदे वळवावेच लागतात. कुणी बघायला येत नाही, कुणी विचारू शकत नाही. टेलचा शब्द शेवटचा.”

निंबाच्या हातातलं खुरपं थांबलं.

“न येता ‘आलं’ म्हणू?”

“हो.”

“आबांनी हा शब्द कसा मिळवला, तुला माहीत आहे.”

“आबांनी तो पाण्यासाठी मिळवला होता. त्यांना काय माहीत, त्यांच्या नियमाने त्यांचीच शेवंती मरणार आहे ते?”

“आणि वर लोटन आहे. त्याचा गुलाब कळीला आलाय.”

लोटन अहिरराव म्हणजे निंबाचा लहानपणापासूनचा दोस्त, टेलच्या लगतच्या फडाचा. मोना म्हणाली, “त्याची तीन वर्षांत एकदाही पाळी आलेली नाही.”

“म्हणून मी उचलून त्याच्या अंगावर टाकू?”

“टाका,” शोभनावहिनी म्हणाली. “दोन वर्षं मी काळी झाडं उपटली. लोटनभाऊजी बांधावर येऊन हळहळून गेले. एक झाड उपटू लागले का? टाका तुम्ही.”

निंबाने खुरपं मातीत खोचलं आणि घराकडे गेला. जाताना म्हणाला, “पुकार संध्याकाळी. बघू.”

आबांच्या काळात पाळी बांधावरून बांधावर ओरडून पुकारायचे. आता फोनवर, पण पाचही फड एकाच वेळी लाइनवर, म्हणजे प्रत्येकाचा शब्द प्रत्येकाला ऐकू जायचा. सूर्य डोंगराआड गेला तशी मोनाने लाइन उघडली. खांबांचे आकडे समोर दिसत होते. हवा अजून चांगली उबदार होती आणि हे सगळ्यांनाच आपापल्या फोनवर दिसत होतं.

“टेल?” तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला.

“आलं,” निंबा म्हणाला.

लाइनवर कुणीतरी खोकलं. लोटनने विचारलं, “निंबा, काय म्हणालास?”

“आलं म्हणालो.”

मोनाने कळ दाबली. खाली दूरवर टेलचे पडदे उभे राहिले, लोटनकडचे खाली आले. मोनाला वाटलं, झालं. सुटला. तिला लाज वाटत नव्हती, निदान एवढं ती स्वतःला सांगत होती.

“दुसरा फड?” तिने नियमाप्रमाणे पुकारलं.

लोटन म्हणाला, “आलं.”

हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. खरं तर असायला हवं होतं. जो शब्द एकाला उघडला, तो सगळ्यांना उघडलेला होता. तिने कळ दाबली.

“तिसरा—”

“आलं,” तिसरा घाईघाईने म्हणाला, आणि चौथ्याने तर पुकारायचीही वाट पाहिली नाही. कुणीतरी हसलं, पण ते हसू मध्येच विरलं. पडदे एकामागून एक वर-खाली होत बंधाऱ्याकडे सरकत आले.

“हेड?”

“पोरांनो,” दौलतअप्पा म्हणाले, “हे बरं केलं नाही आपण.” आणि मग, “आलं.”

त्यांच्या आवाजात राग असता तर मोनाला सोपं गेलं असतं. समोर अक्षरं उमटली. आवर्तन पूर्ण. पुढील पाळी टेल.

“भाऊ,” मोना म्हणाली, आणि मग नाइलाजाने, “टेल?”

सगळे ऐकत होते. निंबाने पुन्हा तेच म्हटलं असतं तर पुन्हा लोटनने म्हटलं असतं, पुन्हा अप्पांपर्यंत गेलं असतं आणि पुन्हा इथेच आलं असतं. लोटन हलकेच म्हणाला, “बोल निंबा. आम्हीपण बोललोच आहोत.”

“नाही आलं अजून,” निंबा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

सकाळी त्याने आपणहून मोनाला फोन केला. “आलं,” एवढंच म्हणाला. या वेळी ते खरं होतं.

ती पोचली तेव्हा ऊन वाफ्यावर आलं होतं आणि दुधी कळ्या काळ्या पडायला लागल्या होत्या. निंबा बांधावर बसला होता. विहिरीच्या अंगाला मात्र शोभनावहिनी एक एक गोधडी उचलत होती. घरातली सगळी अंथरुणं तिने वाफ्याच्या एका कोपऱ्यावर घातली होती, आबांची गोधडीसुद्धा. माणसं रात्रभर चुलीजवळ बसून होती. गोधड्यांखाली खाटेएवढ्या जागेतली झाडं हिरवी होती. कळ्या गेल्या होत्या, पण बुंधे जिवंत होते.

“उन्हाळा काढला यांनी, तर फुटवे मिळतील,” वहिनी म्हणाली.

“पाणी मिळालं तर,” निंबा म्हणाला.

“पाणी मिळेल की,” मोना म्हणाली. “पाण्याला आपण पहिले.”

उन्हाळ्याच्या तोंडाशी सभा भरली. दौलतअप्पांनी कुणावर आवाज चढवला नाही. “मी निंबाला दोष देत नाही,” ते म्हणाले. “त्या संध्याकाळी पाचही फडांनी खोटं सांगितलं. मीसुद्धा. म्हणून तर विचारतो, आता कुणाच्या शब्दावर पाणी सोडायचं? आलं असताना नाही आलं म्हणेल, आलं नसताना आलं म्हणेल. माणसाला बोलायलाच लावू नका. घड्याळ लावा. ज्याचं जेवढं क्षेत्र, तेवढा वेळ. टेलपासूनच सुरू होऊ दे. आबांचा नियम मोडायचा नाही.”

मोना उठून उभी राहिली. उन्हाळ्यातला कोरडा पाट आधी स्वतःच पाणी पितो, टेलपर्यंत पोचायलाच पाण्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, हे तिने सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. लोटनने मान खाली घातली. कुणीतरी मागून म्हणालं, “टेलचा शब्द ऐकला ना आपण एकदा,” आणि ती खाली बसली. हात वर झाले. निंबाने हात वरही केला नाही आणि विरोधातही केला नाही.

घड्याळ संगणकात कुणी बसवलं, तर मोनानेच. दुसरं होतं कोण?

पहिलं आवर्तन सुटलं तेव्हा ऊन करकरीत होतं. बंधाऱ्याचं दार उचललं गेलं आणि पाणी पाटात शिरलं. मोना चौकीच्या खिडकीतून बघत राहिली. पाटाच्या भेगा पाणी पीत होत्या, पुढचं ओलं टोक मुंगीच्या चालीने सरकत होतं. निंबा खाली बांधावर फावडं घेऊन उभा होता. शोभनावहिनी विहिरीजवळच्या त्या हिरव्या तुकड्यापाशी वाकून वाफ्याचं तोंड मोकळं करत होती. विहीर केव्हाच आटली होती.

मोनाने भावाला फोन लावला. लावायची गरज नव्हती, आता नियमात ते नव्हतं.

“भाऊ, आलं?”

“वरच्या वळणापर्यंत दिसतंय. आत्ता येईल. थोडं थांब.”

समोरचं घड्याळ तिच्या हातात नव्हतं. तिने कळ दाबून धरली, यंत्राने ऐकलं नाही. पाटाचं दार टेलकडे बंद झालं आणि लोटनच्या फडाकडे उघडलं.

“मोना,” निंबा म्हणाला, “ओल वळणावरच थांबली गं.”

“वेळ संपला, भाऊ.”

फोनमधून वहिनीच्या फावड्याचा आवाज येत होता, ती अजून वाफ्याचं तोंड मोकळं करत होती. मग निंबाने अगदी साध्या आवाजात विचारलं, शाळेतलं पोर मास्तरांना विचारतं तसं.

“मग मी काय म्हणायचं? आलं म्हणू?”

मोनाने फोन कानाला तसाच धरून ठेवला. खाली लोटनच्या फडात पाणी चमकायला लागलं होतं.